लेकीला दोन फळे दिसायचे

मुलगी तेव्हा नववीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, फळ्यावरचं सगळं दोन-दोन दिसतं गं. वहीतलं नीट दिसतं." आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. घराजवळच डोळे तपासून घेतले, थोडासा नंबर निघाला, चष्मा केला. दोन महिने तिने तो इमानेइतबारे लावला आणि दोन महिने तिला दोन फळे दिसत राहिले.

मग माझ्या लक्षात आलं, टीव्ही बघताना ती तोंड डावीकडे वळवून बसते. कधी एका डोळ्यावर तळहात ठेवते. विचारलं तर म्हणाली, "हात ठेवला की एकच दिसतं."

दुसऱ्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी हे ऐकलं आणि पेन तिच्या चेहऱ्यासमोर धरून हळूहळू डावीकडे नेलं. उजवा डोळा पेनामागे गेला. डावा मध्येच थांबला, कानाच्या बाजूला वळेचना. बाई म्हणाल्या, "हा नंबराचा प्रश्न नाही. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस कुठेतरी दबलीय. एमआरआय लगेच करा."

एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल, तर दोन्ही डोळे एका रेषेत येत नाहीत असा त्याचा अर्थ. सहाव्या नसेच्या दुखण्यात लांबचं जास्त दोन दिसतं, म्हणून फळा दोन आणि वही एक. एवढं मला आधी माहीत असतं तर ते दोन महिने गेले नसते. ते अजून सलतात.

नाकाच्या पार मागे, ब्रेनस्टेमच्या (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या देठाच्या) पुढ्यात, कवटीच्या तळाचं एक हाड असतं: क्लायव्हस. सहावी नस त्याच्यालगतच वर चढते. गाठ त्या हाडात होती. एमआरआयच्या एका फिल्मवर ती पांढरीशुभ्र दिसत होती. हाड किती खाल्लंय ते बघायला सीटी स्कॅन वेगळा केला.

ऑपरेशन नाकातून, दुर्बिणीने झालं. ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघं मिळून करतात. त्यासाठी पाडलेली वाट नाकातल्याच पडद्याचं अस्तर फिरवून बुजवतात, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी गळत नाही. घरी आल्यावर नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. नाकातून पाण्यासारखा थेंब आला तर तडक हॉस्पिटल गाठायचं. मी तिच्या उशीवर पांढरा रुमाल अंथरायचे आणि पहाटे उठून तो खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. तीन आठवडे रुमाल कोरडा राहिला.

पॅथॉलॉजीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये दोन नावं होती: कॉर्डोमा किंवा कॉन्ड्रोसार्कोमा. दोन्ही कॅन्सरच्याच गाठी, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासू शकतात, पण कॉर्डोमा जास्त चिवट, पुन्हा उगवणारी. गर्भात पाठीचा कणा घडताना नोटोकॉर्ड नावाची एक दोरी असते, तिच्या उरलेल्या पेशींतून ती होते. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला, त्यातही मुलांत फार कमी. म्हणून गाठीच्या तुकड्याची स्लाइड आणि तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक घेऊन मी टाटामध्ये गेले. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो ब्लॉक पर्समध्ये ठेवायचं धाडस होईना, हातात घट्ट धरून बसले होते. तिथे ब्रॅक्युरी नावाची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि कॉर्डोमा हे नाव पक्कं झालं. एवढ्या दुर्मिळ आजारात ब्लॉक दुसऱ्या, अनुभवी डोळ्यांना दाखवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय. नाव एका शब्दाने बदललं की पुढची सगळी ट्रीटमेंट बदलू शकते.

गाठीचा थोडा भाग ब्रेनस्टेमजवळ चिकटलेला राहिला होता. कॉर्डोमाला रेडिएशनचा डोस भरपूर लागतो आणि ब्रेनस्टेम तेवढा सोसत नाही. म्हणून प्रोटॉन रेडिएशन: प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकतो आणि तिथेच थांबतो; एक्स-रे आरपार जातो. वाढत्या वयाच्या मुलीसाठी हा फरक मोठा. भारतात चेन्नईला प्रोटॉन 2019 मध्ये आलं, आणि 2023 पासून टाटाच्या खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात सुरू झालं. आमच्या नशिबाने ठाणे-पनवेल लोकलने थेट खारघर, पुढे रिक्षा.

आठवड्यातून पाच दिवस, सात आठवड्यांहून थोडं जास्त. आधी गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवला. रोज तो टेबलाला पक्का लावायचे, कारण डोकं जरासुद्धा हलून चालत नाही. टेबलावर अर्धा तास जायचा, त्यात बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, काही मिनिटंच. बाहेर आली की कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. परतीच्या गाडीत नेरुळ येईपर्यंत मी बोटांनी ते चोळत बसायचे, आणि ती माझ्या खांद्यावर झोपलेली असायची.

डावा डोळा ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात पूर्ण वळायला लागला. तोपर्यंत पट्टी लावत होतो. आता ती अकरावीत आहे. ठरलेल्या तारखांना एमआरआय असतो. हार्मोन्सवर ताबा ठेवणारी पिट्यूटरी ग्रंथी आणि कान रेडिएशनच्या जागेजवळच असल्यामुळे हार्मोन्सच्या रक्ततपासण्या आणि कानांची तपासणीही चालू असते. थायरॉइडची एक गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते, तिचा गजर ती स्वतःच लावते. पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे.