मठ्ठ्याचे ग्लास आणि नाडेपचं टाकं

वैशाखातल्या एका सकाळी शेजारचे काका युरियाचं पोतं खांद्यावर घेऊन आले आणि आमच्या अंगणात उपडं केलं. मठ्ठ्याचे ग्लास, चंदेरी कागदाच्या पत्रावळी, द्रोण, बुंदी चिकटलेले चमचे. म्हणाले, "ताई, हे तुमचं राहून गेलतं आमच्या वावरात. म्हटलं, नेऊन द्यावं." ओरडले असते तर मीही दोन शब्द ऐकवले असते. पण ते बसले, चहा घेतला आणि पोतं झटकून, घडी करून परत घेऊन गेले.

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात मी चार बायांना घेऊन सफाईचं काम करते. दोन मंगल कार्यालयं, बँकेची एक शाखा आणि एक दातांचा दवाखाना. तोवर आमच्या लेखी सफाई म्हणजे कार्यालयाची फरशी चकचकीत करणं. कचऱ्याची ट्रॉली नाल्याच्या काठावर रिकामी केली की हात धुवून मोकळे. वारा सुटला की तोच कचरा नाला ओलांडून काकांच्या संत्र्यात जायचा आणि ठिबकच्या नळ्यांना अडकून बसायचा. गाडगेबाबांचा जिल्हा हा. दर २० डिसेंबरला आम्ही फोटोला हार घालतो.

असल्या प्लॅस्टिकच्या ताटल्या-ग्लासांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. मठ्ठ्याच्या ग्लासांना कोणी ते सांगितलेलं दिसत नाही.

पुढच्या लग्नाला मी ठरवलं, सगळं निवडून वेगळं करायचं. सकाळी सहाला बसलो ते साडेअकराला उठलो. ग्लासात ग्लास फसलेले, मधला मठ्ठा रात्रभरात आंबलेला, पत्रावळीला तर्री वाळून चिकटलेली. आमच्यातली सगळ्यात कामसू बाई उठून उभी राहिली. "ताई, मी फडा मारतो, पोचा मारतो, संडासही धुतो. पन लोकायचं उष्टं चिवडणं मले जमत नाही." तिचं बरोबर होतं. रात्री एकत्र झालेला कचरा सकाळी वेगळा होत नसतो. तो जेवणाऱ्याच्या हातातून सुटतानाच वेगळा व्हायला हवा.

मग ताटं टाकायच्या जागी तीन ड्रम ठेवले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: ओला कचरा, सुका कचरा, बाटल्या. कोणीही वाचलं नाही. जेवून उठलेल्या माणसाला हात धुवायचे असतात आणि पान खायचं असतं, तो पाट्या कशाला वाचेल? शेवटी सुताराकडून एका ड्रमला प्लायचं झाकण करून घेतलं आणि झाकणाला बरोबर ग्लासाएवढं गोल भोक पाडलं. त्या भोकानं जे केलं ते पाटीनं केलं नव्हतं. भोक दिसलं की माणूस त्यात ग्लास टाकतोच. पोट्टे तर दुसऱ्यांच्या हातातले ग्लास मागून आणायला लागले. शेजारच्या ड्रमपाशी एक बाई उभी केली, ती पत्रावळीतलं खरकटं झटकून घ्यायची आणि पत्रावळ वेगळी टाकायची.

कार्यालयाच्या मालकाला हे पटायला दोन लग्नं गेली. वरपक्ष काय म्हणेल, ही त्यांची काळजी. मग त्या बाईला चांगली साडी नेसवली आणि ड्रम पानाच्या टेबलाजवळ सरकवले. पाहुण्यांना वाटलं, ही पण लग्नातलीच व्यवस्था. मालक गप्प झाले.

आता खरकट्याचं काय? त्याची सोय काकांच्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निघाली. तिथं नाडेपचं जुनं टाकं होतं, गवतानं भरलेलं. पुसदचे नारायण पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांची ही पद्धत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं ठेवलेली. आमच्याकडे कितीतरी वावरांत अशी टाकी उभी आहेत, काहींत आता बकऱ्या बांधतात.

पहिल्या वेळी आम्ही त्यात नुसतं खरकटं ओतलं. तिसऱ्या दिवशी कुत्री आली, चौथ्या दिवशी अळ्या, पाचव्या दिवशी काका. त्यांनीच समजावलं की टाकं शेणावर नाही, मातीवर चालतं. पूर्ण टाक्याला शेण साधारण १०० किलो पुरतं, माती मात्र पावणेदोन टनांच्या आसपास लागते. आम्ही शेण सढळ टाकलं होतं आणि मातीला हात आखडला होता. मग सगळं उपसून पुन्हा रचलं. खाली तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आणि संत्र्याचा पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, आणि खरकट्याचा थर पातळ, बोटभर. भाताचं पाणी आणि तर्रीचं तेल आधी निथळून घेतलं, कारण तेलकट थर कुजत नाही, नुसता सडतो. वरून शेणमातीनं लिंपून टाकलं. भेगा पडल्या की पुन्हा लिंपायचं, मधूनमधून पाणी शिंपडायचं.

दसऱ्याआधी टाकं उघडलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. चाळताना प्लॅस्टिकचे चार चमचे आणि एक चांदीचं जोडवं सापडलं. जोडव्याची मालकीण अजून सापडायची आहे.

मालक एकदा म्हणाले, स्टीलची ताटं घेऊ का? कागदावर उत्तम. पण आमच्या भागात बोअर किती खोल गेले आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पाचशे ताटं घासायला लागणारं पाणी आणायचं कुठून? लहान कार्यक्रमाला आता स्टील वापरतो. ताट आधी राखेनं कोरडं पुसायचं, मग पाण्याच्या दोन टबांत विसळायचं, पाणी शोषखड्ड्यात, कडेला कर्दळ लावली आहे. मोठ्या लग्नाला पळसाच्या पत्रावळी. तर्री गळते ही लोकांची तक्रार खरी आहे. दोन पत्रावळी एकीवर एक ठेवल्या की भागतं.

रसायनांचं प्रकरण वेगळं. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे मला आमच्या एका बाईला खोकताना बाहेर ओढून आणल्यावर कळलं. तिला दिवसभर छातीत जळजळत होतं. त्या दिवसापासून ॲसिड बंद. त्याऐवजी अंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या पिकाच्या, गळून पडलेल्या संत्र्यांची सालं गोळा केली: एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, तीन महिने प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा असतो. मी माहेरी चार दिवस राहिले आणि इकडे कॅनचं झाकण उडून छताला लागलं. आठ दिवस घरात आंबलेल्या संत्र्याचा वास होता.

हे पाणी बेसिनला, टाइल्सला, संडासाच्या भांड्याला झकास. शहाबादी फरशीला मात्र नाही, कारण ती चुनखडीची आणि हे पाणी आंबट. बँकेच्या दारातल्या दोन फरश्या आम्ही पांढुरक्या करून ठेवल्या आहेत. शिवाय बँकेत तक्रार आली की सफाईचा वास येत नाही. लोकांना फिनाईलचा वास म्हणजेच सफाई वाटते, त्याला मी काय करू? आता दारापाशी थोडं फिनाईल शिंपडते. आणि दवाखान्यात हा घरचा प्रयोग अजिबात नाही. तिथं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जंतुनाशक हायपोक्लोराइटच, आणि दवाखान्याच्या घातक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांना आमच्या बाया हात लावत नाहीत, त्या नेणारी गाडी वेगळी येते.

बाटल्या आणि खोकी भंगारवाला नेतो. अर्धं पाणी असलेली बाटली तो घेत नाही, म्हणून ते पाणी आधी कार्यालयाच्या झाडांना. पैसे बायांच्या भिशीत जातात.

राहिल्या त्या चंदेरी पत्रावळी. अजूनही काही लग्नघरं त्याच आणतात. भंगारवाला त्या घेत नाही, टाक्यात कुजत नाहीत, आणि जाळायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं आहे. तीन पोती भरून अंगणात ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. काका येता-जाता विचारतात, "ताई, हे कवा नेतं?" मी चहा ठेवते.