तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईची संस्था, दिल्लीची संस्था आणि हिशेब

मी संस्थांचे हिशेब बघतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला असतो. दोन्ही संस्था मुलांना शिकवतात, एक मुंबईची, एक दिल्लीची, पण ताळेबंद शेजारी ठेवले तर एका देशातले वाटत नाहीत, मग पैसे द्यायचे कुणाला?

मुळात दोघींना लागू होणारा कायदाच एक नाही हो. धर्मादाय हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, त्यामुळे राज्यं आपापला कायदा करू शकतात. महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे आणि त्यावर धर्मादाय आयुक्त. दिल्लीत असा कायदा नाही आणि आयुक्तही नाही. तिथे ट्रस्ट डीड सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं की झालं, तो दस्त नोंदवून मोकळा, दरवर्षी हिशेब मागणं हे त्याचं कामच नाही. आपल्याकडे मात्र १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली तरी परत ट्रस्ट म्हणून नोंदणी करावी लागते, म्हणून कित्येक संस्थांच्या पावतीवर दोन-दोन नोंदणी नंबर दिसतात.

आणि हिशेबाचा साचाही ठरलेला, परिशिष्ट आठमध्ये ताळेबंद, परिशिष्ट नऊमध्ये उत्पन्न-खर्च. त्या नऊमध्ये खर्चाच्या बाजूला धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत अशा ओळी आहेत, आणि वर एक ओळ मठाधिपतींच्या मानधनाची, त्यांच्या घरखर्चासकट! कॉम्प्युटर क्लास चालवणारी संस्था असली तरी ही ओळ तिच्या हिशेबात शून्य लिहून बसलेली असते. दिल्लीचा सीए असा कागद पहिल्यांदा बघतो तेव्हा फोन येतो, हे काय आहे म्हणून.

जागेच्या बाबतीत फरक जास्त बोचतो. मुंबईत ट्रस्टची जागा विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, नाहीतर विक्री वैध नाही, आणि इथल्या जागेचे भाव बघता हे कलम नसतं तर काय झालं असतं ते तुम्हीच इमॅजिन करा. दिल्लीत काही संशय आलाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली कोर्टाची परवानगी काढून दावा लावा. म्हणजे लक्ष ठेवायचं काम सरकारी ऑफिसकडून उचलून ज्याला वेळ आणि वकील दोन्ही परवडतं त्याच्या गळ्यात.

म्हणून मुंबईची संस्था जास्त चोख असा अर्थ काढू नका. हिशेब सादर होणं वेगळं आणि हिशेब दिसणं वेगळं, माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. आपल्याकडे परवानग्या भरपूर, चेंज रिपोर्ट भरपूर (विश्वस्त बदलला की ९० दिवसांत द्यायचा, मग त्यावर वाद झाला की वर्षानुवर्षं तारखा), पण साध्या देणगीदाराला घरबसल्या काय दिसतं? लंडनच्या संस्थेचं उत्पन्न, खर्च, विश्वस्तांची नावं, हिशेब उशिरा आला का, सगळं इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. तिथेही शहर बदललं की नियम बदलतात बरं का, इंग्लंडमध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या आत असेल तर बहुतेक छोट्या संस्थांना नोंदणी करावी लागत नाही, एडिनबरात स्कॉटलंडचा नियामक वेगळा आणि चॅरिटी म्हणवून घ्यायचं तर कितीही छोटी असली तरी नोंदणी हवीच, शिवाय हिशेब द्यायला इंग्लंडमध्ये दहा महिने आणि तिथे नऊच.

आता पैसे येतात कुठून ते. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा, कंपनीच्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, आणि कायदाच म्हणतो की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या, मग तो पैसा कारखाने आणि ऑफिसं असतील तिकडेच वळणार ना, बाकीच्यांनी वर्गणी गोळा करावी. परदेशी देणगीचं तर विचारूच नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून संस्था गडचिरोलीची असली तरी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत येतो. ते एकवेळ चालेल, पण त्याच दुरुस्तीने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी आली. आधी मोठ्या शहरातली संस्था इंग्रजीत रिपोर्ट लिहून फंड आणायची आणि त्यातला वाटा तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थेला द्यायची, ती वाटच बुजली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आणली आणि अकाउंटंटचा पगार त्याच वीसमध्ये बसवायचा! हिशेब चोख पाहिजे पण हिशेब ठेवणाऱ्यावर खर्च नको, हा हट्ट देणगीदारांचाही असतो, फक्त सरकारला कशाला नावं ठेवा.

तर द्यायचे कुणाला? मी शहर बघत नाही, कागद मागतो. मुंबईची असेल तर परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा ताजा उतारा, त्यातली नावं लेटरहेडवरच्या नावांशी जुळतात का ते बघतो, कधीकधी वारलेले गृहस्थ अजून विश्वस्त असतात. दिल्लीचा ट्रस्ट असेल तर ऑडिट रिपोर्ट नोट्ससकट, आणि कुणी सक्ती केलेली नसताना त्यांनी तो स्वतःच्या साइटवर टाकला असेल तर माझे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी सेवाभावी कंपनी असेल तर कुणाला विचारायचीही गरज नाही, कंपनी खात्याच्या पोर्टलवर थोडी फी भरली की ताळेबंद मिळतो. आणि ‘ऑडिट चालू आहे’ हे उत्तर सलग दुसऱ्या वर्षी आलं तर मी त्या संस्थेचा नाद सोडतो, मग ती कुठलीही असो.