‘४एबी’ म्हणजे नक्की काय?

सांगली-मिरजेकडे आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यांच्या फाईलमध्ये ‘४एबी’ लिहिलेलं असतं. ही पाचव्या दिवसाच्या गर्भाची प्रत. आकडा १ ते ६, म्हणजे गर्भ किती फुगला; ५ असेल तर तो कवचातून बाहेर पडू लागलाय. पहिलं अक्षर बाळ घडवणाऱ्या पेशींचं, दुसरं वार (प्लासेंटा) बनवणाऱ्या थराचं. ‘ए’ सगळ्यात चांगलं, ‘सी’ सगळ्यात खालचं. ‘सी’ आलं तरी खचू नका, अशा गर्भातूनही निरोगी बाळं जन्मतात.

पीजीटी-ए चाचणीत वारेच्या थरातल्या साधारण ५ ते १० पेशी काढून गुणसूत्रं मोजतात. गोची इथेच होते: काढलेल्या पेशी आणि आतला गर्भ कधीकधी जुळत नाहीत, आणि चांगला गर्भही बाद होतो. वय कमी आणि गर्भ एक-दोनच असतील, तर ‘चाचणीने आमचा फायदा काय?’ हे डॉक्टरांना आधी विचाराच. या चाचणीतून मुलगा-मुलगी निवडणं मात्र कायद्याने गुन्हाच.