हा तिसरा

आज सायखेड्याकडं मामांच्या मळ्यात गेलो तर गोठ्याबाहेरच्या खांबाला दीडेक महिन्याचं पिल्लू बांधलेलं. साखळी मात्र मोठ्या कुत्र्याची, गंजलेली. बिचारं ती ओढत दोन पावलं जायचं की बसायचं.

म्हटलं मामा, मोत्या कुठंय? मामा विळ्याला धार लावत होते, मान वर न करता म्हणाले, "नेला ना वाघानं. हा तिसरा."

तिसरा! जशी काय विहिरीवरची मोटार जळाली म्हणून नवी बसवली.

वाघ म्हणजे बिबट्याच. आता निफाडकडं गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत हे काय नवीन नाही, माद्या पिल्लंसुद्धा उसातच घालतात, आणि कुत्रं त्यांना सोपं पडतं हेही गावात कुणाला सांगायला नको. तरी राखणीला म्हणून उसापासून वीस पावलांवर रात्रभर साखळीला बांधायचं, म्हणजे त्याला पळायचीही सोय नाही. आणि बिबट्याला एकदा अंगणात असं आयतं मिळालं की तो परत तिथंच येणार ना? त्याच अंगणात मामांचे नातू खेळतात.

खरं खटकलं ते वेगळंच. गोठ्याला चारी बाजूंनी, वरूनसुद्धा जाळी आहे, गाईंसाठी मारलेली. पिल्लापासून दहा फुटांवर! मामी म्हणाल्या, "आत घाण करतं रे ते."

निघताना मीच त्याला आत बांधून आलो.

आत्ता फोन केला तर, "लय केकाटत होतं, काढलं बाहेर."

तुमच्या मळ्यात रात्री कुत्रं कुठं असतं?