नर्सने आधी मला विचारलं, तू झोपतेस का?

आमचं गाव अमळनेरजवळ, आणि गेली सहा वर्षं आम्ही इंग्लंडात लीड्सच्या बाजूला राहतोय. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण आपल्याकडे या आजाराचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घेतात. माझ्या मुलाला एपिलेप्सी आहे. फिट, फेफरं, मिरगी, आपल्याकडे जे म्हणतात तेच. तो आता आठ वर्षांचा आहे.

पहिली मोठी फिट रविवारी सकाळी आली. मी घाबरून त्याच्या दातांत चमचा घालायला गेले, लहानपणी गावात तसंच करताना बघितलं होतं ना, कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची आणि दातखीळ सोडवायची. यातलं काहीच करायचं नसतं हे मला नंतर कळलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स.

मग ईईजी झाला, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात ती तपासणी. त्याच्या आदल्या रात्री मुलाला मुद्दाम उशिरापर्यंत जागवायला सांगितलं होतं, कारण झोप कमी झाली की मेंदूतली विजेची गडबड त्या आलेखात जास्त सापडते. तेव्हाच डोक्यात बसलं की जागरण आणि चुकलेली गोळी, या दोन गोष्टींना जपायचं.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावलं, पण मला सगळ्यात जास्त आठवते ती एपिलेप्सी नर्स. म्हणजे फक्त याच आजाराचं काम बघणारी नर्स. तिने मुलाचं वजन, औषधाचा डोस वगैरे सगळं विचारायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, तू झोपतेस का रात्री? मी झोपत नव्हते. महिनाभर त्याच्या छातीवर हात ठेवून पडून राहायचे, श्वास चालू आहे ना बघत. मी तिथेच रडले. तिने तिचा नंबर दिला आणि सांगितलं, शंका आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नको, फोन कर.

औषध सुरू झाल्यावर पोरगा फार चिडचिडा झाला, वस्तू फेकायचा, मला वाटलं आपलेच लाड नडले. फोन केला तर ती म्हणाली लेव्हेटिरासिटामने, म्हणजे त्याच्या त्या औषधाने, असं होऊ शकतं, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांशी बोलून डोस बदलला गेला. मानसोपचाराच्या टीममधल्या एक बाई त्याच्याशी आणि आमच्याशी वेगवेगळं बोलल्या. वॉर्डात मुलांशी खेळत खेळत समजावणारी एक ताई होती, तिने बाहुलीच्या डोक्याला ईईजीच्या वायरी लावून दाखवल्या आणि माझ्या मोठ्या मुलीला जवळ बसवून घेतलं. तेव्हा कळलं की ही दहा वर्षांची पोरगी इतके दिवस मनात धरून बसली होती, मी भांडले म्हणून भावाला फिट आली. आम्हाला घरात पत्ताच नव्हता!

प्रत्येक भेटीनंतर एक पत्र यायचं, तेच पत्र आमच्या जीपीला म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, आम्हाला आणि शाळेच्या नर्सला. शाळेत त्याचा एक कागद आहे, फिट आली तर कोणी काय करायचं, गालाच्या आतल्या बाजूला द्यायचं मिडाझोलाम, म्हणजे फिट थांबवायचं औषध, कुठे ठेवलंय, किती मिनिटांनी द्यायचं. पोहण्याच्या सरांनाही माहीत आहे. गावाकडे माझी चुलत बहीण मुलीची फाईल पिशवीत घेऊन जळगाव, नाशिक, मुंबई करत फिरते आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगते, ते आठवून मला फार वाईट वाटतं. तिच्या पोरीच्या शाळेत तर कोणालाच सांगितलेलं नाही, लग्नाचं काय होईल म्हणून. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार, म्हणजे हाच आजार, हे लग्न रद्द करायचं कारण 1999 सालीच काढून टाकलंय, तरी भीती तशीच.

आपल्याकडे असं काहीच नाही असंही नाही बरं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करायची केंद्रं ठरवलीत, बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ एका छताखाली असावेत म्हणून. मी बहिणीला सांगितलंय, आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन तिथे काय मिळतं ते विचार. साधारण दहातल्या सात जणांच्या फिट योग्य औषधाने थांबू शकतात, फक्त औषध मनाने बंद करायचं नाही. आपल्याकडे चार महिने फिट आली नाही की बाटली कपाटात जाते.

गेल्या वर्षी माझी आई इथे आली होती. नर्स घरी आली तेव्हा आईलाही समोर बसवलं, आजीलाही हे सगळं करता यायला हवं म्हणाली. ती सांगायची, मी आईला अहिराणीत सांगायचे. आईने बाहुलीवर दोनदा करून दाखवलं, कुशीवर वळवणं, गालात औषध सोडणं. नर्स गेल्यावर आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुना धाकला मामाले बी फिट ये." तो मामा मी पाहिलेला नाही, तरुणपणी विहिरीत बुडून गेला एवढंच माहीत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं घरात कोणाला आहे का, आणि मी अगदी खात्रीने नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी नर्सला फोन करून ते नोंदवलं.

यंदा शाळेच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, आमच्या खानदेशातली देवी कानबाई घरात बसली होती. रोट झाले, गाणी सुरू झाली, आणि रात्री अकराला मी मुलाला उचलून आत न्यायला लागले तर एक काकू म्हणाल्या, असू दे ना गं, वर्षातनं एकच रात्र, जागू दे त्याला. मी काही बोलायच्या आत आई भरल्या ओसरीत मोठ्याने म्हणाली, "झोपू द्या त्याले. त्याले फिट येस, औसद चालू शे."