चालू स्पेक्ट्रममागे जॉयस्टिक खोचला, आणि मग...

टेबलावर दुरुस्तीला आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, १९८० च्या दशकातला घरगुती संगणक; आतला बोर्ड इश्यू ३, म्हणजे तिसरी आवृत्ती. चालू असतानाच मागे जॉयस्टिकचा इंटरफेस खोचला आणि पडदा गोठला, एवढीच हकिगत. ऐकूनच अंदाज आला. या मशीनच्या मागच्या उघड्या पट्टीवर ९, ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट हे चारही पुरवठे सिग्नलच्या रांगेत बिनसंरक्षणाचे बसवलेत. काटकसरीचं डिझाइन, दुसरं काय!

खालचे ५ स्क्रू काढले. कीबोर्डच्या दोन फिती सरळ वर ओढल्या. तिरक्या ओढल्या की तुटतात. वीज न देता मीटर लावला. ५ व्होल्टची रेल (पुरवठ्याची वाट) ठीक, पण १२ व्होल्टची रेल ते ग्राउंड फक्त ४ ओहम, म्हणजे जवळपास शॉर्ट. १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमधला ट्रान्झिस्टर टीआर४ (झेडटीएक्स६५०) कलेक्टर-एमिटर शॉर्ट. तो काढला तरी ४ ओहम तसेच. म्हणजे पुढे आणखी कुणीतरी मेलंय.

रॅमच्या खालच्या १६ के (किलोबाइट) साठी आठ ४११६ मेमरी चिपा आहेत, आयसी६ ते आयसी१३. त्यांना तीन पुरवठे लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. १२ व्होल्ट असताना उणे ५ गेलं की ही चिप जळते. म्हणून टीआर४ एकटा सहसा जात नाही.

दोषी चिप शोधायला १२ च्या रेलवर बेंच सप्लायचा १ व्होल्ट दिला, करंट अर्ध्या अँपिअरला बांधला आणि आठही चिपांवर आयसोप्रोपिल (झटकन उडणारं अल्कोहोल) लावलं. शॉर्ट चिप तापते, तिच्यावरचं आधी उडतं. आयसी१२ वरचं सगळ्यात आधी वाळलं. तिचे पाय कापून एकेक पाय उपसला. अख्खी चिप गरम करून ओढली की बोर्डाच्या बारीक वाटा उखडतात. १६ पिनांचा सॉकेट बसवला, शॉर्ट गेला. टीआर४ बरोबर टीआर५ (झेडटीएक्स२१३) सुद्धा बदलला, ५.१ व्होल्टचा झेनर डायोड तपासला. कन्व्हर्टरच्या कॉइलचं एनॅमल (तारेवरचा लेप) काळं पडलं नव्हतं, म्हणून ती ठेवली.

वीज देताच आधी पिन १. उणे ५ आलं, मग १२. पडद्यावर मात्र काळ्यावर जाड जांभळट उभ्या रेषा, आणि तिथेच थांबलं.

ही खूण मला फार आवडते. सुरू होताना रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) रॅमच्या प्रत्येक जागेत २ हा आकडा भरतो. पडद्यावरच्या ठिपक्यांची आणि रंगांची मेमरीही त्याच १६ केमध्ये, म्हणून निरोगी मशीनवर क्षणभर काळ्यावर बारीक लाल रेषा दिसतात. इथे २ चे ३ झाले होते, बिटांत ००००००१० चे ००००००११: रेषा दुप्पट जाड आणि लालाचा मॅजेंटा. म्हणजे सर्वांत खालचा बिट १ वर अडकलेला. तो आयसी६ चा. ती बदलली, आणि १९८२ चा कॉपीराइट संदेश खाली उमटला.

आता इंटरफेस पाहिला. पट्टीच्या पाचव्या जागेवरच्या खाचेत बसणारी प्लास्टिकची चावीच त्याच्या कनेक्टरमध्ये नव्हती, त्यामुळे तो एक घर बाजूला सरकून बसत होता. जुन्या पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) १.६ मिमी जाड तुकडा घासून तिथे इपॉक्सीने चिकटवला. सुकेपर्यंत दोन्ही वस्तू वेगवेगळ्या खणांत ठेवल्या.