अथणीची चप्पल आणि रोमचे दगड

दुपार कललीय आणि समोरच्या कट्ट्यावर अथणीच्या, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या गावात बनलेल्या कोल्हापुरी चपलेची एक नवी जोडी तेल पीत पडलीय. बातमी अशी की जोडीची मालकीण ही घालून मैत्रिणीबरोबर इटलीला, रोमला निघालीय. तेल एरंडेल की खोबरेल, ते लांबून कळत नाही. सावलीत ठेवलीय हे बरं केलं. उन्हात टाकली की बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं वाळून कडक होतं, पट्टा चिरतो. तेलाचा पातळ हात, रात्रभर मुरवण, मग आठ-दहा दिवस घरातल्या घरात तासभर वापर. एवढं केलं की चप्पल पायाची होते. खरं, पायाची झाली म्हणून रोमची होत नाही.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकाच कागदावर गुण्यागोविंदानं बसले. सीमाभागात असं क्वचितच घडतं. पुढं 2025 मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन घराण्यानं अगदी तशीच चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालवली आणि इकडं गहजब झाला. रॅम्प म्हणजे सपाट फरशी. रोमच्या जुन्या वस्तीत पायाखाली काळ्या बेसाल्टचे घडीव ठोकळे आहेत, साम्पिएत्रिनी म्हणतात त्यांना. माथा वापरानं गुळगुळीत, दोन ठोकळ्यांत फट. आपल्या चपलेचा तळ कातड्याचा, टाचेला मागून धरणारं काही नाही. दगड ओला असला की तळ घसरतो, पाणी ओढून फुगतो. कोरडा असला तर दर पावलाला बोटं आवळून चप्पल धरावी लागते आणि जेवणवेळेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो.

एकट्याला फोड आला तर तो एकट्याचा. मैत्रिणीबरोबर असलं की तो दोघींचा होतो. शाळेच्या गोकाक धबधब्याच्या सहलीत हे शिकूनच सगळे मोठे झालेत. 52 मीटरवरून कोसळणारी घटप्रभा बाजूला राहायची आणि झुलत्या पुलाच्या तोंडाशी कुणाच्या तरी स्लीपरचा अंगठा निसटायचा. मग बाईंच्या पदराची सेफ्टी पिन, ती टोचू नये म्हणून वाकडी धरलेली बोटं आणि शेजारून मुद्दाम हळू चालणारी एक मैत्रीण. पूल तिनंही धड पाहिलेला नसतो.

रोमचा एक दिवस नकाशावर फसवा दिसतो. कोलोसियमपासून पँथिऑन, तिथून त्रेवीचं कारंजं, मग स्पॅनिश पायऱ्या: जेमतेम तीन किलोमीटर. बेळगावात टिळकवाडीतून खडेबाजारला चालत जाणाऱ्याला त्याचं काय? पण कोलोसियमच्या आतलं फिरणं, शेजारच्या फोरमच्या जुन्या अवशेषांतली चढउतार, रांगा आणि चुकलेल्या गल्ल्या धरल्या की संध्याकाळपर्यंत दहा-बारा होतात. कोलोसियमचं तिकीट वेळेचं आणि नावाचं असतं. पासपोर्टावर वडिलांचं नाव मधे असेल तर तिकिटावरही तसंच घालावं, दारात पासपोर्ट बघतात. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, मात्र एका कार्डावर दोघींनी जायचं नाही. कागदी तिकीट घेतलं तर बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट खिशात असूनही दंड बसतो.

आणि मग दोन वाजता ते वाक्य येतं, "बस की गे जरा, पाय दुखायलेत."

बसायचं कुठं? स्पॅनिश पायऱ्या 135 आहेत आणि 2019 पासून एकीवरही टेकायला परवानगी नाही. टेकलं तर 250 युरोपासून पुढं दंड. कॉफीच्या दुकानात उभ्यानं प्यायली की एक दर, खुर्चीत बसून प्यायली की दुसरा, कधी दुपटीच्याही वर. चहाच्या एका कपावर तासभर बाक अडवणाऱ्या बेळगावकराला हे पचायला जड जातं. फुकटची खुर्ची उरते ती देवाच्या घरात. रोमची चर्चं थंडगार आणि बाकांनी भरलेली, पण पुष्कळशी दुपारी बंद असतात. बॅसिलिका म्हणतात ती मोठी मानाची चर्चं तेवढी उघडी. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणून बॅगेत एक ओढणी असूच द्यावी.

पँथिऑनमध्ये आता तिकीट काढावं लागतं, तरी जावंच. घुमट आतून 43 मीटर रुंद आणि माथ्यावर उघडं भोक. पाऊस सरळ आत येतो आणि किंचित उताराच्या फरशीतल्या 22 छिद्रांतून निघून जातो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात, छताचं दगडी कमळ बघताना मान अवघडते, तशीच इथंही अवघडते. तेवढीच पायांना विश्रांती.

पाणी मात्र फुकट. रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबाचे नळ आहेत, 1874 पासूनचे, साधारण अडीच हजार. बाटली भरावी. तसंच प्यायचं असेल तर खालचं तोंड बोटानं दाबायचं, वरच्या बारीक भोकातून धार उडते. शाळेच्या नळावर अंगठा दाबून शेजारणीला भिजवणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

कुंदा न्यायचा नाही. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेऊ देत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यावी. भाकरी चालताना खाता येते, बसावं लागत नाही. आणि पायात चपलेऐवजी जुने, जाड रबरी तळाचे, घरी निदान पन्नास किलोमीटर चाललेले बूट घालावेत. व्हॅटिकनच्या घुमटाला 551 पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी 320 उरतात. एकीला चढायचंच असेल तर दुसरीनं खाली थांबावं. त्यात मैत्री तुटत नाही, उलट तासभर गप्प राहायला मिळतं.

समोर आता कुणी तरी येऊन जोडी उलटी करून ठेवली. तळालाही तेल! तळाला लावू नये हो, अजून घसरतं.

म्हणजे नेणारच.